तीन दारं

आधी दारं आली.
विटांच्या आधी, सिमेंटच्या आधी, पत्र्यांच्याही आधी,
ट्रकच्या पाठीवर आडवी निजून
चौकटींसकट तीन निळी दारं.

कुठल्याशा थंडीच्या गावातल्या लोकांनी
केक विकून, जुने कोट विकून पैसे जमवले होते म्हणे.
पत्रात लिहिलं होतं, बाकीचं पाठोपाठ येतंय.
आमच्याकडे पूल वाहून गेलेला.
पाठोपाठ म्हणजे चार महिने.

काचिंग्वे सर दारांकडे बघत राहिले.
दोन वर्षं जिल्ह्याच्या कचेरीचे उंबरठे झिजवले होते त्यांनी.
म्हणाले, आता निदान झिजवायला आपला एक उंबरठा झाला.
आणि आंब्याखाली, जिथं मी तिसरीला शिकवायचे,
स्वतः कुदळ घेऊन खड्डे खणले
आणि एक दार उभं केलं.

भिंत नाही.
छप्पर नाही.
नुसतं दार, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना
अख्खा मलावी.

पोरं हसली. वळसा घालून आत आली,
शेळ्या येत तशीच.
दाराला पाठ घासायला शेळ्यांना बरं वाटायचं.

मग एका सकाळी गनिझानी, रोज उशिरा येणारा,
पाठीवर धाकट्या बहिणीला बांधून,
मासळीच्या वासाचा,
दारापलीकडे येऊन थांबला.
मला तो दिसत होता. त्याला मी दिसत होते.
त्यानं दार वाजवलं.

एकशे चाळीस पोरं गप्प.
मी म्हटलं, आत ये.
एवढे दोन शब्द बोलताना
घसा का दाटला, मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवसापासून वळसा कुणी घातला नाही.

सिमेंट आलं तेव्हा बायका नदीत उतरल्या.
ज्या नदीनं शाळा नेली तिच्याच तळातून
डोक्यावरून वाळू आणली, बादलीमागं बादली.
विटांची एक भट्टी ओली होऊन ढासळली, दुसरी लावली.
हिशेबाच्या वहीत मी लिहिलं:
स्थानिक सहभाग, पंचवीस टक्के.
एस्नाती म्हणाली, हे काय असतं?
मी म्हटलं, तुझी मान.
मान चोळत ती म्हणाली,
मग शंभर लिही ना, बाई,
ही काय पाव मान दुखतेय?

उद्‌घाटनाला पाहुणे आले. पाटी लागली.
पाटीवर नावं होती, चुकीची नव्हती, पुरी नव्हती.
भाषणं चालू असताना एक म्हातारा पाहुणा
हळूच उठून दारांकडे गेला.
सुतार होता. त्यानंच केली होती ती.
बिजागरी हलवून पाहिली, खिशातून तेल काढलं,
मग आंब्याखालच्या दारापाशी येऊन अडखळला.
एका ठिकाणी निळा रंग उडालेला,
हाताच्या पंजाएवढं लाकूड उघडं.
वाळवी? त्यानं खुणेनं विचारलं.
मी मूठ वळून दाखवली: टक टक.

त्यानंही तिथंच वाजवून पाहिलं.
त्या उंचीवर पोचायला
त्याला कमरेत वाकावं लागलं.

पैसे दोन खोल्यांपुरतेच पुरले.
पहिली बसते पत्र्याखाली, आणि आठवी, परीक्षा असते म्हणून.
मध्ये जन्मलेल्यांनी थांबायचं.
तिसऱ्या दाराची खोली
कुठल्यातरी पुढच्या पत्रात आहे.

मी अजून आंब्याखालीच.
फळा खोडाला टांगलेला, खडू ओंजळीत जपलेला,
आणि दार रोज सकाळी उघडते, दुपारी लावून घेते.
कडीसुद्धा घालते.

गेल्या आठवड्यात तपासणीस आले,
नवे बूट, काखेत फाईल,
गवतातून सरळ माझ्या खुर्चीपाशी.
मी उठून उभी राहिले, काही बोलले नाही.
पोरंच बोलली, एका सुरात,
पाढे म्हणावेत तशी:

सर, दार तिकडे आहे.